वर्गात कुणीतरी येऊन बसावं

बडोद्यात पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायचं असेल तर आधी पी.टी.सी., म्हणजे प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण, करावं लागतं. कागदोपत्री त्याचं नाव आता बदललंय, पण आमच्याकडे सगळे अजून पी.टी.सी.च म्हणतात. नववी-दहावीला शिकवायचं तर बी.एड. हवं, आणि तेही २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय. पाठाची टाचणं, सराव पाठ, मागे बसलेल्या निरीक्षकांचे शेरे, पुन्हा टाचण, पुन्हा पाठ, एवढं पार पडल्यावरच वर्ग हाती येतो. मुलं अठरा वर्षांची होऊन कॉलेजात आली, की शिकवणाऱ्यावरची ही अट संपते. एम.ए. किंवा एम.कॉम. व्हायचं, नेट किंवा जी-सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा काढायची नाहीतर पीएच.डी. मिळवायची, आणि नेमणूक झाली की थेट शंभर-सव्वाशे मुलांसमोर उभं राहायचं.

जी-सेट ही परीक्षा तर आमची महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीच घेते. तिच्या पहिल्या पेपरात पन्नास प्रश्न असतात आणि अभ्यासक्रमातल्या दहा घटकांपैकी पहिला घटक अध्यापनाच्या अभियोग्यतेचा असतो. चार पर्यायांतला बरोबर पर्याय निवडायचा. विद्यार्थ्याला उत्तर येत नसेल तर शिक्षकाने काय करावं, हे तिथे ओळखता येतं. पण समोर खरा विद्यार्थी गप्प उभा असताना काय करायचं, ते त्या कागदावर कुणी शिकू शकत नाही. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांत संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या विषयाच्या अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यावं असं आता आलं आहे. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. ती प्रत्यक्षात वर्गापर्यंत कशी पोचते, यावर पुढच्या पिढीचं बरंच काही अवलंबून आहे.

मी अर्थशास्त्र शिकवते. घर दांडिया बाजारात, घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, वर्गात इंग्रजी आणि गुजरातीची सरमिसळ, असं आमच्या गावातल्या बहुतेक मराठी शिक्षकांचं असतं. शिकवण्याबद्दल मला जे पहिल्यांदा कळलं ते कुठल्या कोर्समध्ये नाही, घरातच कळलं. माझी आत्या मराठी शाळेत शिक्षिका होती. तिने सत्तरच्या दशकाच्या शेवटी इथेच बी.एड. केलं, आणि त्या वर्षाबद्दल ती अजूनही इतक्या बारकाईने बोलते की ऐकत राहावंसं वाटतं. ती ज्याला 'मायक्रो' म्हणते ते सूक्ष्म अध्यापन, म्हणजे काही मिनिटांचे छोटे पाठ घेऊन शिकवण्याचं एकेक कौशल्य घोटणं. बडोद्यात शिकवणाऱ्या आजच्या किती प्राध्यापकांना ठाऊक असेल कोण जाणे, पण ही पद्धत भारतात रुजवण्यात आपल्या गावाचा मोठा वाटा आहे.

ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास मांडली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मदतीने बडोद्याच्या विद्यापीठात शिक्षणशास्त्राचं प्रगत अध्ययन केंद्र सुरू झालं. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'केस' म्हणतात. सत्तरच्या दशकात या केसमध्ये आणि एन.सी.ई.आर.टी.मध्ये सूक्ष्म अध्यापनाचे प्रयोग झाले. बी. के. पासी यांचं नाव त्यात अगत्याने घ्यावं लागतं. ते पुढे इंदूरला गेले आणि तिथेही हे काम वाढलं. आपल्याकडे महागडी यंत्रं नव्हती, मुद्दाम आणून बसवायला विद्यार्थी नव्हते. मग बरोबरचे प्रशिक्षणार्थीच विद्यार्थी झाले आणि घड्याळ लावून एक भारतीय आवर्तन ठरलं: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं त्यावर बोलणं, बारा मिनिटं पुन्हा तयारी, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा बोलणं. सगळे मिळून छत्तीस मिनिटं. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. आज फक्त प्रश्न विचारणं, उद्या फक्त फळ्यावर लिहिणं, परवा फक्त उदाहरण देऊन समजावणं.

आत्या सांगते, "अगं, सहा मिनिटांत माणसाला लपायला जागाच नसते. पहिल्या पाठाला माझे हात थरथरले होते. पण बारा मिनिटांनी पुन्हा उभी राहिले तेव्हा थरथर गेली होती, कारण आता नेमकं काय बदलायचं ते मला माहीत होतं."

मला या आवर्तनात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ती बारा मिनिटं आणि त्यानंतरचा दुसरा पाठ. चूक सांगणारे पुष्कळ भेटतात. चूक सांगून झाल्यावर लगेच, अजून सगळं ताजं असताना, तोच पाठ परत घ्यायची संधी फार थोड्यांना मिळते. सूरसागर तलावाच्या काठी १८८६ पासून ज्या गावात गायक मौलाबक्षांची गायनशाळा उभी आहे, तिथे हे वेगळं समजावून सांगायला नको. गुरूसमोर तान घ्यायची, गुरूने थांबवायचं, तीच तान परत घ्यायची. कॉलेजच्या शिक्षकाच्या वाट्याला मात्र हे थांबवणंही येत नाही आणि परत घेणंही येत नाही.

त्याच्या वाट्याला येतात ते कोर्स. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. नवीन शिक्षकाला चार आठवड्यांचं ओरिएंटेशन, नंतर आपापल्या विषयाचं रिफ्रेशर. २०१५ मध्ये त्या केंद्रांचं नाव बदललं, ५ सप्टेंबर २०२३ ला मालवीय मिशन ही शिक्षक-प्रशिक्षणाची नवी योजना आली. त्यात १११ केंद्रांमार्फत उच्च शिक्षणातल्या १५ लाख शिक्षकांपर्यंत पोचायचं ठरलं आहे. या व्यवस्थेचं मोल मी कमी लेखत नाही. माझं ओरिएंटेशन दुसऱ्या शहरातल्या एका केंद्रात झालं आणि त्या चार आठवड्यांनी मला एक गोष्ट दिली, जी माझ्या कॉलेजने एरवी कधीच दिली नसती. भौतिकशास्त्र, संस्कृत, गृहविज्ञान, कायदा अशा विषयांची माणसं एका बाकावर बसून वर्गाबद्दल बोलत होती. आपली अडचण ही आपली एकट्याची नाही, हे तिथे कळलं. संस्कृतच्या बाईंची मुलं मागच्या बाकावर काय करतात आणि माझी काय करतात, यात काहीही फरक नव्हता.

तरीही तिथले बहुतेक दिवस व्याख्यानांचे होते. चांगलं कसं शिकवावं यावर एकामागून एक वक्ते येऊन बोलायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. विद्यार्थ्याला बोलतं करा, हे सांगायला आलेल्यांनी आम्हाला बोलतं केलं नाही. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने थोडा वेळ शिकवून दाखवायचं होतं. तेवढ्या दोन दिवसांत सगळ्यांच्या चेहऱ्यावर जी जाग आली होती, ती माझ्या अजून लक्षात आहे. आवर्तन मात्र तिथेही पहिल्या सहा मिनिटांवरच संपलं. परत पाठ घ्यायला वेळ नव्हता; समारोप होता, प्रमाणपत्रं द्यायची होती.

प्रमाणपत्राचं महत्त्व वाढत गेलं, कारण ते बढतीला जोडलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत दोन आठवड्यांच्या कोर्सला २० गुण आणि एका आठवड्याच्या कोर्सला १० गुण होते. २०१८ मध्ये ते गुणांकन बदललं, तरी बढतीसाठी ठरावीक कोर्स लागतातच. आणि अध्यापनाची प्रत कशी ठरते? नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतल्या तर 'चांगलं', ७० ते ८० मध्ये 'समाधानकारक', त्याखाली 'असमाधानकारक'. तासिका घेतली हे मोजणं गरजेचंच आहे. न घेणाऱ्यांमुळे मुलांचं केवढं नुकसान होतं ते मी पाहिलंय. पण या मोजमापात शिक्षक वर्गात जातो आणि बाहेर येतो एवढंच दिसतं. आत काय घडलं याची नोंद कुठेच नसते. मग प्रशिक्षणाने प्राध्यापकाच्या कामात फरक पडतो का, या प्रश्नाचं उत्तर आपल्या कागदांतून कधी मिळणार? एका रकान्यात कोर्सचे दिवस, दुसऱ्यात तासिकांची टक्केवारी, आणि या दोघांना जोडणारं काहीच नाही.

परदेशात मात्र कुणीतरी तो प्रश्न नीट विचारला होता. ग्रॅहम गिब्ज आणि मार्टिन कॉफी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास ८ देशांतल्या २२ विद्यापीठांमधला होता. प्रशिक्षण घेतलेल्या नवीन शिक्षकांची त्यांनी प्रशिक्षण न मिळालेल्यांशी तुलना केली. प्रशिक्षण घेतलेल्यांचं लक्ष 'मी काय सांगतो' यावरून हळूहळू 'मुलं काय शिकतात' याकडे वळलं, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या रीतीतही फरक पडला. मला हलवून गेलं ते पुढचं: ज्यांना प्रशिक्षण मिळालं नाही ते होते तिथेच राहिले नाहीत, त्यांच्यातले काही उलट दिशेने गेले. नवीन असताना मनात जी उमेद असते, मुलांशी बोलत बोलत शिकवायची जी ओढ असते, ती विभागातल्या रुळलेल्या रीतीखाली दबून जाते. आमच्या विभागात नव्याने आलेल्या कितीतरी जणांच्या बाबतीत हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. पहिल्या वर्षी चर्चा, दुसऱ्या वर्षी नोट्स, तिसऱ्या वर्षी नोट्सचं वाचन. त्यात त्यांचा आळस नव्हता. कुणी त्यांच्याशी त्यांच्या शिकवण्याबद्दल कधी बोललंच नाही.

गिब्ज-कॉफींच्या अभ्यासातली प्रशिक्षणंही आठवड्या-दोन आठवड्यांची नव्हती, महिनोन्‌महिने चालणारी होती. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी ऐंशीच्या दशकातच शाळाशिक्षकांबद्दल सांगितलं होतं की सिद्धान्त ऐकून, प्रात्यक्षिक पाहून, सराव करूनही नवी रीत रोजच्या वर्गात फारशी उतरत नाही. ती उतरते ती शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात कुणीतरी त्याच्यासोबत राहिलं तर. मला हे अगदी पटतं. कोर्सहून परतलेल्या माणसाला पहिल्या सोमवारी काय भेटतं? मागे पडलेला अभ्यासक्रम, इंटर्नलच्या तारखा, कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फायली, आणि 'झालं का तुझं ट्रेनिंग?' एवढाच प्रश्न. काय शिकून आलीस, आणि मला दाखवशील का, असं कुणी विचारत नाही.

आमच्या विभागातली एक तरुण सहकारी महिनाभराचा इंडक्शन कोर्स करून आली तेव्हा तिनेच मला म्हटलं, "ताई, माझ्या लेक्चरला येऊन बसाल? तिथे मला सगळं छान जमत होतं. इथे जमतंय की नाही, कळत नाही." हे विचारायला केवढं धैर्य लागतं! कॉलेजात दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसणं म्हणजे तपासणीच, असं आपल्याकडे ठरून गेलंय. प्राचार्य आले की काहीतरी तक्रार असणार, असंच सगळे धरून चालतात.

मी शेवटच्या बाकावर वही घेऊन बसले. नेड फ्लँडर्स यांच्या वर्गनिरीक्षणाच्या पद्धतीत दर तीन सेकंदांनी नोंद करायची असते आणि वर्गातल्या बोलण्याचे दहा प्रकार केलेले असतात: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, एक शांततेचा किंवा गोंधळाचा. तेवढं सगळं मी केलं नाही. तिने प्रश्न विचारला की खूण, मूल बोललं की खूण, आणि दोन्हींमध्ये किती वेळ गेला ते, एवढंच ठेवलं.

विषय होता मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते. तिने प्रश्न सुरेख काढले होते. पण प्रश्न संपताच ती तो दुसऱ्या शब्दांत परत विचारायची, मग त्याचं अर्धं उत्तर द्यायची, मग पूर्ण. तिला वाटत होतं मुलं बोलत नाहीत. माझ्या वहीत दिसत होतं की मुलांना बोलायला वेळच मिळत नव्हता. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून हेच दाखवलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब होतात, जास्त मुलं आपणहून बोलतात, 'माहीत नाही' कमी होतं. आमच्या एफ.वाय.च्या वर्गात तर गुजराती माध्यमातून आलेलं मूल आधी इंग्रजी प्रश्न समजून घेतं, गुजरातीत विचार करतं, मग इंग्रजी वाक्य जुळवतं. त्याला तीन सेकंदही अपुरे. मी तर म्हणेन, मनातल्या मनात दहापर्यंत मोजावं. ती शांतता शिक्षकाला खायला उठते, पण तेवढ्या वेळात मूल कामात असतं.

तासिकेनंतर आम्ही कँटीनमध्ये बसलो. तिच्याकडे तोच विषय दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डिव्हिजनला होता. आत्याच्या छत्तीस मिनिटांतला तो दुसरा पाठ आपल्याकडे वेळापत्रकातच असतो, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. एकच विषय, एकच घटक, दोन डिव्हिजन, मधे एक दिवस. कुठलाही निधी नको, कुठलंही केंद्र नको. आम्ही एकच गोष्ट ठरवली: प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उदाहरण बदलायचं तिने स्वतःच ठरवलं. पुस्तकातल्या मीठ-साखरेऐवजी तिने उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग, घेतलं. तेरा जानेवारीच्या संध्याकाळी गेंडीगेटला पतंग आणि दोरी घ्यायला गेलात आणि दुकानदाराने भाव वाढवला, तर तुम्ही किती कमी घ्याल? ती थांबली. वर्ग गप्प. ती थांबलीच. मग मधल्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "मेम, भाव गमे ते होय, लेवी तो पडे ज ने!" भाव काहीही असो, घ्यावी तर लागणारच! वर्ग हसला आणि मग बोलायलाच लागला. वासी उत्तरायण, म्हणजे दुसरा दिवस, उलटल्यावर तीच दोरी स्वस्तात मिळते, तेव्हा पुढच्या वर्षीसाठी कोण घेऊन ठेवतं, कोण नाही. दोरी दुकानातून तयार घेण्याऐवजी रस्त्यावर रंगवून घेतली तर काय. पर्यायी वस्तू असल्या की लवचिकता का वाढते, ते त्या मुलांनीच सांगितलं. नंतरच्या इंटर्नलमध्ये त्या डिव्हिजनच्या बऱ्याच उत्तरपत्रिकांत लवचिकतेची व्याख्या मोडक्या इंग्रजीत होती, पण स्वतःची होती.

मग ती माझ्या वर्गात येऊन बसली. तिने मला सांगितलं ते फळ्यापाशी उभं राहून मला कधीच ऐकू आलं नसतं. मागच्या बाकांवरची कुजबुज म्हणजे निव्वळ गप्पा नव्हत्या. दोघी-तिघी मुली माझं प्रत्येक महत्त्वाचं वाक्य शेजारणीला गुजरातीत समजावत होत्या, आणि बहुतेक बरोबर समजावत होत्या. तेव्हापासून मी एखादी संकल्पना सांगितली की दोन मिनिटं थांबून सगळ्यांनाच ते करायला सांगते. एरिक माझूर हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात १९९१ पासून मुलांना एकमेकांना समजावायला लावतात. मला मात्र ते माझ्याच वर्गातल्या मुलींकडून आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या सहकारीकडून मिळालं, म्हणून ते टिकलं.

आता कुणी म्हणेल, विद्यार्थ्यांचे फीडबॅक फॉर्म असतातच की. असावेतच. पण २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की ज्या तासिकांत मुलांनी स्वतः गणितं सोडवली तिथे ती जास्त शिकली होती, आणि तरी त्यांना वाटत होतं की ओघवतं व्याख्यान ऐकलं तेव्हा आपण जास्त शिकलो. डोक्याला ताण पडला की शिकतोय असं वाटत नाही. जो शिक्षक प्रशिक्षणानंतर मुलांना विचार करायला लावायचं धाडस करतो, त्याचे फॉर्म पहिल्या सत्रात कदाचित खाली जातील. त्या वेळी त्याच्या बाजूने उभं राहणारं, त्याचा वर्ग प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस विभागात हवं. नाहीतर तो मुकाट्याने नोट्सकडे परतेल.

एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. प्रशिक्षण मिळतं ते बहुतेक कायम नोकरीत असलेल्यांना. कोर्ससाठी ऑन ड्यूटी रजा त्यांनाच, बढतीही त्यांनाच. पहिल्या वर्षाचे मोठमोठे वर्ग मात्र बऱ्याच ठिकाणी हंगामी शिक्षकांकडे असतात, ज्यांचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे त्यांना ठाऊक नसतं. खेड्यातून, पादरा-डभोईकडून रोज एस.टी.ने येणारं मूल कॉलेजात टिकणार की सोडून जाणार, हे पहिल्या सत्रातच ठरतं. ज्यांच्या हाती ते सत्र असतं, त्यांच्यासाठीच आपल्याकडे फारसं काही नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या गावात ही उणीव राहू नये असं मला मनापासून वाटतं.

यंदा आमच्या विभागात वेळापत्रक लावतानाच दोघादोघांची एक तासिका अशी मोकळी ठेवायची असं ठरतंय, की एकाने दुसऱ्याच्या वर्गात बसावं आणि दुसऱ्या डिव्हिजनचा तास होण्याआधी दोघांना बोलता यावं. वहीतलं काहीही वरिष्ठांकडे जाणार नाही, हे प्राचार्यांनी मान्य केलंय. रसायनशास्त्राच्या दोघींनीही विचारणा केली आहे. हंगामी शिक्षकांना यात घ्यायचं का, यावर अजून वाद चालू आहे. त्यांच्यावर आणखी एक काम कशाला, असं काहींचं म्हणणं आहे आणि ते अगदीच चुकीचं नाही. त्यांच्या मानधनात ही तासिका धरली जावी, असा अर्ज मी केला आहे. त्यावर पुढच्या बैठकीत बोलणं होईल.